इंग्रजी साहित्यात एम.ए. करावे, की लेखनाचा अभ्यासक्रम निवडावा?

बोरीकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि इंग्रजी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते आहे. घरी अहिराणी बोलली जाते, शाळा मराठी माध्यमाची झाली आणि इंग्रजी पुस्तके हाती आली ती महाविद्यालयात गेल्यावरच. तिथेही मूळ कादंबरीपेक्षा तिचा सारांश छापलेली गाइडेच वर्गात अधिक फिरतात. त्यामुळे अभ्यासक्रमातली जी पुस्तके मी मुळातून वाचली, ती बोटांवर मोजता येतील. मी मराठीत कथा लिहिते आणि गेल्या वर्षापासून आजीकडून ऐकलेल्या अहिराणी गोष्टी इंग्रजीत आणण्याचा प्रयत्न करते आहे. मी एम.ए. करून नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यावी आणि प्राध्यापक व्हावे, असे वडिलांचे म्हणणे आहे. मैत्रिणीच्या भावाने मात्र सांगितले की, परदेशात लेखन हाच विषय घेऊन पदव्युत्तर पदवी मिळते. साहित्याच्या आणि लेखनाच्या अभ्यासात नेमका फरक काय, आणि मी आधी कोणती वाट धरावी?

पांझराकाठ

ताई, मी धुळे जिल्ह्यात अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आहे. तुमच्या वडिलांचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्यांना चित्राचा अर्धाच भाग दिसतो आहे. नेट-सेटसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात. नेटचा विषयाचा पेपर १०० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा असतो, त्यात साहित्याबरोबर भाषाविज्ञान, समीक्षा आणि संशोधनपद्धतीही येतात. ही परीक्षा उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे अनेकजण आपल्याच भागात आहेत, हे घरी मोकळेपणाने सांगावे. केवळ नोकरीसाठी एम.ए. करणार असाल, तर निराशा पदरी पडण्याची शक्यता बरीच आहे.

मात्र वाचायला शिकण्यासाठी एम.ए. करणार असाल, तर दोन वर्षे वाया जाणार नाहीत. साहित्याच्या अभ्यासात आपण दुसऱ्याच्या लेखनाविषयी एक म्हणणे मांडतो आणि ते मजकुरातील शब्दांच्या आधारे सिद्ध करतो. गाइडातून नेमके हेच शिकता येत नाही, कारण गाइड निष्कर्ष आयता देते आणि तिथवर पोहोचण्याची वाट गाळून टाकते. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले आणि त्यांवर १९२९ मध्ये पुस्तक लिहिले. नाव झाकले की, चांगल्या तयारीचे विद्यार्थीही कसे चाचपडतात, हे त्यातून उघडे पडले. हा प्रयोग घरी करता येतो. मैत्रिणीला एखादी कविता नाव झाकून द्यायला सांगा आणि शब्दकोशाखेरीज काहीही न उघडता त्या कवितेवर दोन पाने लिहा. महिनाभर, आठवड्यातून दोनदा एवढे केले, तरी हा अभ्यास आपल्याला आवडतो की नाही, ते तुमचे तुम्हालाच कळेल.

प्रवेशाचे म्हणाल, तर जळगावच्या विद्यापीठाखेरीज केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी-पीजी परीक्षेचाही विचार करावा. घर सोडणे शक्य नसेल, तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचे इंग्रजीतील एम.ए. आहे, मात्र तिथे स्वतःला शिस्त लावावी लागते.

सातपुडा

मी मूळचा शहाद्याकडचा. लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्लंडमध्ये पूर्ण केला, म्हणून त्या बाजूचे सांगतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ मध्ये सुरू झाली आणि पुढे इतरांनी तिचाच नमुना गिरवला. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा अभ्यासक्रम १९७० मध्ये आला. अशा अभ्यासक्रमात तुम्ही लिहिलेली पाने आधी सर्वांना वाटली जातात आणि वर्गात त्यांवर चर्चा चालू असताना तुम्ही स्वतः गप्प बसायचे असते. दहा-बारा माणसे तुमच्या कथेचे चुकीचे अर्थ लावत आहेत आणि तुम्हाला खुलासा करता येत नाही, हा अनुभव पहिल्या वेळी असह्य होतो. पण खुलासा करावा लागतो आहे, म्हणजे तो कथेतच राहून गेला आहे, हे तिथेच उमगते.

आता व्यवहाराचे. अमेरिकेतील एम.एफ.ए., म्हणजे लेखनाची पदव्युत्तर पदवी, बहुधा दोन-तीन वर्षांची असते आणि काही विद्यापीठे अध्यापनाचे काम देऊन शुल्क माफ करतात व विद्यावेतनही देतात. त्या जागांसाठी चुरस मात्र प्रचंड असते. इंग्लंडमधील एम.ए. पूर्णवेळ केल्यास वर्षभरात संपते, पण खर्च बहुतांशी स्वतःचा असतो. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि आदिवासी विकास विभागाची योजना वेगळी आहे. आपण कशात बसता, ते पाहावे. काही अमेरिकी विद्यापीठे आपली तीन वर्षांची पदवी स्वीकारतात, काही स्वीकारत नाहीत; म्हणून अर्जाचे पैसे भरण्याआधी त्यांना पत्र पाठवून विचारावे. माझी एका ठिकाणची फी अशीच बुडाली.

अर्जात सर्वाधिक वजन असते लेखनाच्या नमुन्याला. साहित्याच्या अर्जासाठी तो समीक्षात्मक निबंध असतो, लेखनाच्या अर्जासाठी कथा किंवा कविता. गुणपत्रिका सामान्य असूनही पाने चांगली असल्याने प्रवेश मिळालेले मी पाहिले आहेत, उलटे मात्र पाहिले नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, पदवीचे नाव नंतर ठरवा. आधी दाखवण्याजोगी वीस पाने तयार करा.

केळीची बाग

ताईंच्या प्रश्नातील सर्वांत मोलाची गोष्ट वरच्या दोन्ही उत्तरांत राहून गेली, ती म्हणजे आजीच्या गोष्टी. जिला बोली घरातून मिळाली आहे आणि मराठी व इंग्रजी शिकून मिळाल्या आहेत, तिच्याकडे अभ्यासाचा विषयही आहे आणि लेखनाचा नमुनाही. फक्त बोलींची गल्लत करू नये. आमच्या रावेर-यावलकडची लेवा गणबोली वेगळी आणि तुमची अहिराणी वेगळी. बहिणाबाई चौधरी यांची गाणी सर्रास अहिराणी म्हणून सांगितली जातात. ती लेवा गणबोलीतील आहेत. परीक्षकाला हे ठाऊक नसेल, पण तुम्हाला असायला हवे.

भाषांतराची खरी अडचण छोट्या शब्दांत असते. ‘आखाजी’ला अक्षय तृतीयेचा दिवस म्हटले, की तिथी आली; पण माहेरी आलेल्या लेकी, झाडाला बांधलेला झोका आणि त्यावरची गाणी सगळी निसटली. हा शब्द इंग्रजीत तसाच ठेवायचा, की वाक्यात त्याच्याभोवती झोका उभा करायचा, हा निर्णय तुम्ही का घेतला, यावर एक उत्तम निबंध होऊ शकतो. इंग्रजी शिकल्याने मराठी लेखन सुटते, असेही मानू नये. फैजपूरला १९०९ मध्ये जन्मलेले बा. सी. मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनीही इंग्रजीच शिकवली.

बोरीकाठ

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. कालच्या प्रयत्नात मी ‘आखाजी’च्या जागी इंग्रजीत ‘वसंतोत्सव’ अशा अर्थाचा शब्द घातला होता. तो आज काढून टाकला. भर उन्हाळ्यात वसंत कुठला! एम.ए.साठी जळगाव व सीयूईटी असे दोन्ही अर्ज भरायचे आणि वर्षभरात वीस पाने पुरी करायची, असे ठरवले आहे. एक शंका राहिली. शिफारसपत्रासाठी सरांकडे गेले, तर ‘तूच मजकूर लिहून आण, मी सही करतो’ असे उत्तर मिळाले. तसे करावे का?

पांझराकाठ

नको. उमेदवाराने स्वतः लिहिलेले पत्र विशेषणांनी भरते आणि वाचणाऱ्याला ते लगेच ओळखू येते; शिवाय परदेशी विद्यापीठे पत्र थेट शिक्षकाकडूनच मागवतात. सरांना नकार देण्याऐवजी तुमचा एक तपासलेला निबंध, भाषांतराची चार पाने आणि वर्गात तुम्ही विचारलेल्या एखाद्या प्रश्नाची आठवण करून देणारी छोटी चिठ्ठी, असे मुदतीच्या महिनाभर आधी नेऊन द्या. सरांना लिहायचा कंटाळा नसतो, ताई. साठ विद्यार्थ्यांतून तुमच्याविषयी काय लिहावे, हे त्यांना आठवत नसते.