पपई वाढवण्यापेक्षा तुकडा बदला

पपई रात्रभर लावूनही स्टेक (बीफचा जाड तुकडा) चामट राहिला, तर पपई आणखी वाढवा असा सल्ला देतात, तो मला पटत नाही. पपईतलं पपेन, म्हणजे मांस मऊ करणारं एन्झाइम, काम करतं ते वरच्या पातळशा थरावर; जास्त लावली की बाहेरून पिठूळ आणि आत तेवढंच चिवट. खरा प्रश्न तुकड्याचा आहे. इथे इंग्लंडमध्ये पाकिटावर नुसतं 'ब्रेझिंग स्टेक' (थोड्या रश्शात मंद शिजवायचा स्टेक) लिहितात, आत बहुतेक वेळा खांद्याकडचं, म्हणजे चक वगैरे. खाटकाकडे मिळत असेल तर फेदरब्लेडच, म्हणजे खांद्याच्या हाडावरचा तुकडा, मागा. मधोमध जाणारी पांढरी शीर काढून टाकावीशी वाटते, पण काढू नका! ती कोलॅजनची, म्हणजे मांस जोडून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाची असते. ७० अंश सेल्सियसच्या पुढे भरपूर वेळ मिळाला की तिचं जिलेटिन होतं, आणि मऊपणा नि रश्शाचा दाटपणा दोन्ही तिथूनच येतात. टॉपसाइडसारख्या (मागच्या मांडीच्या) तुकड्यात हे कोलॅजन कमी, म्हणून तो लवकर कोरडा पडतो.

मी कांदा लालसर परतून, स्टेक दोन्ही बाजूंनी खरपूस करून, निम्मा बुडेल एवढाच स्टॉक घालते. घट्ट झाकण, ओव्हन १५० अंशांवर, अडीच ते तीन तास. दोन तासांनी काटा टोचून चिवट वाटला तरी आच वाढवू नका. रस्सा जेमतेम हलत राहिला पाहिजे. आदल्या दिवशी करून रश्शातच ठेवला तर चव आणखी मुरते, शिवाय वर गोठलेली चरबी चमच्याने सहज निघते.