महाधमनीच्या स्टेंटसाठी एआर चष्मा (समोरच्या दृश्यावर संगणकाचं चित्र दाखवणारा) हवा का?

कॅथलॅब_टेक्निशियन: पोटातली महाधमनी साधारण २ सेंमी रुंद असते. पुरुषांत ती फुगून साडेपाच सेंमीवर गेली की फुटण्याचा धोका ओळखून दुरुस्ती सुचवतात. १९९० साली हुआन पारोदींनी ब्युनोस आयर्सला पोट न फाडता, जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट (कापडाने मढवलेली जाळीदार नळी) आत नेऊन हे करून दाखवलं. तरी आजही बहुतेक ठिकाणी डॉक्टर सपाट करड्या क्ष-किरण चित्राकडे बघूनच वायर सरकवतात. त्यात रक्तवाहिनी दिसतच नाही, दरवेळी डाय (ती क्ष-किरणात उमटावी म्हणून द्यायचं औषध) सोडावा लागतो. रुग्णाच्या सीटीवरून केलेलं त्रिमितीय चित्र चष्म्यातून थेट त्याच्या पोटावर दिसलं, तर डाय कमी लागेल, क्ष-किरणही कमी. ज्यांचं क्रिएटिनिन आधीच वाढलंय, म्हणजे मूत्रपिंड कमजोर आहे आणि डायने आणखी बिघडू शकतं, त्यांच्यासाठी तरी हे यायलाच हवं.

व्हॅस्क्युलर_रेसिडेंट: असहमत. सीटी काढतात तेव्हा आत वायर नसते. ताठ वायर गेली की महाधमनीतून जांघेकडे जाणाऱ्या वळणदार इलियाक धमन्या सरळ होतात आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांची तोंडंही सरकतात. श्वासागणिक मूत्रपिंड वर-खाली होतं ते वेगळंच. शिवाय चित्र जुळवतात मणक्यांवर, आणि धमनी काही मणक्याला चिकटलेली नसते! ५-६ मिमीच्या तोंडाजवळ ३ मिमी चुकलं, तर ग्राफ्टचं कापड थेट त्या तोंडावर येतं. रंगीत चित्र बघून माणूस निर्धास्त होतो, मला भीती त्याचीच वाटते.

कॅथलॅब_टेक्निशियन: ग्राफ्ट उघडण्याआधीचा शॉट (डाय सोडून काढलेलं क्ष-किरण चित्र) घ्याच, त्याला कोण नको म्हणतंय? वायर आत गेल्यावर त्याच शॉटवर नकाशा पुन्हा जुळवून घ्यायचा. माझं म्हणणं त्याआधीच्या शॉट्सबद्दल आहे.

व्हॅस्क्युलर_रेसिडेंट: मग स्क्रीनवरचं फ्यूजन पुरे की. मोठ्या हायब्रिड ओटीत (क्ष-किरण यंत्र असलेल्या शस्त्रक्रियागृहात) सीटी थेट फ्लुरोवर, म्हणजे चालू क्ष-किरण चित्रावर, बसवतातच, त्याला माझी हरकत नाही. माझा विरोध चष्म्याला आहे. हात जांघेशी, काम आत खोलवर, मग कातडीवर चित्र उमटवून साधायचं काय? त्यात यातले बरेच प्रयोग ज्या होलोलेन्स नावाच्या एआर चष्म्यावर झाले, त्या होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये बंद केलं. उद्या चष्मा बिघडला तर दुसरा आणायचा कुठून? त्यापेक्षा प्रकाशतंतूवर चालणाऱ्या वायरवर पैसा लावा. फिलिप्सच्या तसल्या वायरचा आकार क्ष-किरणांशिवाय स्क्रीनवर दिसतो. ती स्वतः कुठे आहे हे तिचं तीच सांगते, कालच्या सीटीवर विसंबून राहावं लागत नाही.

ओटी_सिस्टर: मी चष्म्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. शिशाचा एप्रन घालून तासन्‌तास उभं राहायचं आणि स्क्रीन टेबलाच्या पलीकडे, तिरकी. केस संपेपर्यंत सरांची मान एकाच बाजूला वळलेली असते. नकाशा राहू दे, नुसती स्क्रीन जरी नजरेसमोर आली तरी पुष्कळ झालं.

व्हॅस्क्युलर_रेसिडेंट: ताई, मानेचा मुद्दा एकदम मान्य. पण डोळ्यांचं काय? आयसीआरपीने (किरणांपासून संरक्षणाच्या शिफारशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने) २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची किरणांच्या मात्रेची मर्यादा वर्षाला १५० वरून २० मिलिसिव्हर्टवर आणली, ती मोतीबिंदूच्या धोक्यामुळेच. होलोलेन्सच्या काचेत क्ष-किरण अडवणारं शिसं नसतं. आतून शिशाचा चष्मा घालून वर हा चढवला, तर चित्र नीट दिसतं का? कुणी चार तासांची केस तशी केली असेल तर इथे लिहा, मी माझं मत बदलायला तयार आहे.