लिगामेंटच्या दुखापतीनंतर गुडघ्यासाठी कोणते व्यायाम सुरक्षित?

रानवाट:
सहा आठवड्यांपूर्वी बॅडमिंटन खेळताना गुडघा पिरगळला. एमआरआयमध्ये एसीएल (नडगीचं हाड पुढे सरकू न देणारं गुडघ्यातलं लिगामेंट) अर्धवट फाटल्याचं दिसलं. डॉक्टर म्हणाले, सध्या ऑपरेशन नको, व्यायाम करा. सूज बरीच उतरलीय, पण मांडी वाळलीय आणि जिना उतरताना पायाचा भरवसा वाटत नाही. जिममधलं लेग एक्स्टेंशन मशीन चालेल का?

शेवंती:
मशीन इतक्यात नकोच. वजन घेऊन पाय सरळ करताना शेवटच्या 30-40 अंशांत मांडीचा स्नायू नडगीचं हाड पुढे ओढतो, आणि तो ताण थेट एसीएलवर येतो.

आधी बघा, गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ होतो का? माझ्या वेळी मी गुडघा वाकवण्याच्याच मागे लागले होते. सरळ व्हायचे शेवटचे काही अंश राहून गेले आणि कितीतरी महिने लंगडत चालले. टाचेखाली उशी घेऊन पाय सैल सोडा. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, 5 सेकंद धरा, असं 10 वेळा. किरकोळ वाटेल, पण गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळतच नाही. त्याला आधी जागं करावं लागतं.

त्यानंतर उताणं पडून सरळ पाय उचला. उचलताना गुडघा जरासा वाकला तरी परत टॉवेलवर या. मग ब्रिज (उताणं पडून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं), आणि खुर्चीला धरून 45 अंशांपर्यंतच स्क्वॉट. गुडघा आत वळू देऊ नका.

रानवाट:
दुखलं तर थांबायचं?

शेवंती:
थोडं दुखणं चालतं. सूज बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा फुगला असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक पायरी मागे या.

फिजिओ_मी:
यात एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव घाला, भिंतीजवळ उभं राहून. पीसीएलची (नडगी मागे सरकू न देणाऱ्या लिगामेंटची) दुखापत असलेल्यांनी मात्र हे जसंच्या तसं उचलू नका, तिथे सुरुवातीला हॅमस्ट्रिंग कर्ल (मांडीच्या मागच्या स्नायूने गुडघा वाकवून टाच मागे ओढणं) टाळतात. गुडघा अडकत किंवा निसटत असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या निदान 90 टक्के झाल्याशिवाय कोर्टवर उतरू नका, आणि तेव्हाही आधी तपासून घ्या.

रानवाट:
गुडघा पूर्ण सरळ होतो का ते पालथं पडून पाहिलं. दुखऱ्या पायाची टाच दोन बोटं वर राहतेय. आजपासून उशीच.