एमबीए फायनान्स, कोल्हापूर – सेल्सची ऑफर घेऊन पुण्याला जाऊ की हितंच एमआयडीसीत बघू?

गडहिंग्लजची_पोर
नमस्कार. कोल्हापुरात एमबीए करतेय, दुसरं वर्ष, तिसरी सेम संपत आलीय, फायनान्स घेतलंय. घर गडहिंग्लजला, हितं राजारामपुरीत पीजीत राहते. कॅम्पसला ज्या कंपन्या येतायत त्या जवळजवळ सगळ्या सेल्सच्याच, खाती उघडा नाहीतर इन्शुरन्स विका नाहीतर लोन विका, आणि पदाचं नाव मात्र रिलेशनशिप मॅनेजर. एक ऑफर हातात आहे, पुणे, ४.२ लाख सीटीसी (म्हणजे माझ्यावर कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च), त्यात काही व्हेरिएबल. पप्पा म्हणतात एवढं शिकून दारोदार फिरणार काय, मैत्रिणी म्हणतात पहिली नोकरी आहे घे की गप, आणि एज्युकेशन लोनचे हप्ते तर पुढं उभेच आहेत. मला खरा रस कॉस्टिंग (मालाला खर्च किती पडतो ते काढणं) आणि वर्किंग कॅपिटलमध्ये (रोजच्या धंद्याला लागणारा पैसा) आहे. पण जॉब साइटवर कोल्हापूर टाकलं की काहीच येत नाही, सगळं पुणे-मुंबई. एवढ्या फाउंड्र्या, एवढे कारखाने आहेत, मग हितं फायनान्सवाल्याला काम आहे का नाही? कुणी आत असेल तर खरं सांगा प्लीज.

शिरोली_अकाउंट्स
ताई, काम आहे, जाहिरात नाही. हितला मालक साइटवर जागा टाकतच नाही, तो आधी आपल्या सीएला विचारतो, मग अकाउंट्सच्या जुन्या माणसाला, मग शेजारच्या युनिटला, आणि तेवढ्यात माणूस मिळून जातो. त्यामुळं तुला त्या साखळीत शिरायला पाहिजे. सीए फर्ममध्ये जाऊन भेट, शिरोलीत स्मॅक आहे, गोकुळ शिरगावात गोशिमा, उद्यमनगरात इंजिनिअरिंग असोसिएशन, ह्या सगळ्या कारखानदारांच्या संघटना, तिथं बायोडाटा देऊन ये, मेल करून बसू नको.

आता काम काय ते सांगतो. कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीत धातू ओतून केलेला पार्ट, किलोच्या रेटनं विकलं जातं. भट्टीत ओतलेल्या धातूतलं विकण्याजोगं किती निघालं, रिजेक्शन किती, वीजबिल किती, ह्यावर एखाद्या पार्टवर पैसे सुटतात का जातात ते ठरतं, आणि लई युनिटमध्ये हे पार्टवार कुणी मांडलेलंच नसतं, सगळ्याचा मिळून एकच अंदाज. एक्सेलमध्ये पार्टवार मांडून देणारी पोरगी मालकाला पाहिजेच असते.

दुसरं म्हणजे येणी. माल मोठ्या कंपनीला जातो आणि पैसे अडकतात. १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४३बी(एच) कलम वाच, असेसमेंट इयर २०२४-२५ पासून लागू झालंय. मायक्रो नाहीतर स्मॉल युनिटचे पैसे ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. ट्रेड्स (TReDS) हा ऑनलाइन प्लॅटफॉर्म पण बघ, बिल तिथं डिस्काउंट करून, म्हणजे थोडी रक्कम सोडून, पैसे लवकर सोडवता येतात, २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची केलीय. ह्या दोन गोष्टी तुला नीट बोलता आल्या तर मालक खुर्ची पुढं ओढून ऐकेल, हे मी खात्रीनं सांगतो.

पुण्यात_रंकाळेकर
वरच्या दादांचं बरोबर आहे पण सेल्सला एवढं वाईट म्हणू नका राव. प्रॉडक्ट कुठलंय त्यावर आहे सगळं. सेव्हिंग खाती आणि इन्शुरन्सचं टार्गेट असेल तर फायनान्स शिकणं होत नाही, माणूस वर्षभरात पार थकून जातो, मी आजूबाजूला बघितलंय. पण धंद्याची लोनं असतील, म्हणजे सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट, मशिनरीचं टर्म लोन, तर मी म्हणतो जा. मी तेच करतोय. रोज दोन-तीन वर्षांचे ताळेबंद हातात, स्टॉक स्टेटमेंट तपासायचं, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येण्यांवर लिमिटमधनं किती उचलता येतं, ते काढायचं, क्रेडिट टीमनं फाईल परत पाठवली की का पाठवली ते समजून घ्यायचं. हे शिकलेला माणूस उद्या कोल्हापुरात फॅक्टरीत आला तर बँकेशी बोलायला तोच पुढं असतो. म्हणून एचआरला सरळ विचार, माझ्याकडं कुठलं प्रॉडक्ट आणि टार्गेट कशाचं. उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

एचआर_कागल
ऑफर लेटरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय, मुलं आकडा बघून सही करतात आणि नंतर रडत येतात, मला खरंच वाईट वाटतं. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, बेसिकच्या १२ टक्के, बऱ्याच ठिकाणी ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के पण त्यातच धरतात, वर तुझ्या वाट्याचा पीएफ पगारातून कापतात, आणि व्हेरिएबल टार्गेट झालं तरच. तेव्हा महिन्याला हातात किती ते लेखी माग. मग त्यातून पुण्याचं पीजी, मेस, पेट्रोल वजा कर आणि हप्त्याला किती उरतात बघ. कागल-गोकुळ शिरगाव पट्ट्यात सुरवात पुण्याच्या आकड्यापेक्षा कमीच असणार हे पण आधीच मान्य करून ये. ओरिजिनल मार्कशीट कुणाकडं ठेवायची नाही, ट्रेनिंग डिपॉझिट म्हणून एक रुपया द्यायचा नाही, नोटीस पिरियड आणि बाँड दोनदा वाचायचं.

गडहिंग्लजची_पोर
खूप खूप आभार सगळ्यांचे, आज पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. एचआरला मेल टाकला, प्रॉडक्ट आणि हातातला पगार दोन्ही विचारलंय, उत्तर द्यायला पुढच्या महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. दादा, माझा समर प्रोजेक्ट म्युच्युअल फंड अवेअरनेसचा होता, प्रश्नावली भरून घ्यायचा, तो दाखवून फाउंड्रीत काय उपयोग? चौथ्या सेमला अजून एक प्रोजेक्ट आहे. आणि मुलींना घेतात का शिरोलीत?

शिरोली_अकाउंट्स
घेतात की, आमच्या ऑफिसात निम्म्या मुलीच आहेत, अकाउंट्स, परचेस, डिस्पॅच सगळीकडं. चौथ्या सेमचा प्रोजेक्ट मात्र एखाद्या छोट्या युनिटच्या येण्यांवर कर, कुठलं बिल किती दिवस थकलंय त्याचा तक्ता आणि त्यामुळं सीसीवर व्याज किती जास्त गेलं एवढंच काढ. युनिटचं नाव छापणार नाही म्हणून आधीच सांग, नाहीतर कुणी आकडे दाखवणार नाही. गाइड सरांचं पत्र बरोबर आण. आणि येताना तारीख बघून ये, ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीआर-३बी, ह्या भरायच्या शेवटच्या तारखा, त्या धामधुमीत आलीस तर कुणी मान वर करणार नाही. २१ ते २५ च्या मध्ये ये, दुपारी जेवणानंतर, तेव्हा माणूस निवांत बोलतो.