रात्री नाल्याला अचानक पूर आला तर काय करावे?

प्रश्न (धारणी तालुका)
आमचे घर सिपना नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या अगदी काठावर आहे. गेल्या पावसाळ्यात गावात थेंबही पडत नसताना मध्यरात्री नाला दुथडी भरून वाहू लागला आणि गोठ्यात पाणी शिरल्यावरच आई-बाबांना जाग आली. मी नोकरीनिमित्त अमरावतीला असतो आणि गावात रात्री मोबाइलला रेंज नसते. घर हलवणे तूर्तास शक्य नाही. त्यांनी नेमकी कोणती काळजी घ्यावी?

प्रतिसाद (चिखलदरा तालुका)
पाऊस घाटमाथ्यावर पडतो आणि तीव्र उतारामुळे ते पाणी पाहता पाहता खालच्या गावांत पोहोचते, त्यामुळे आपल्या अंगणातला पाऊस पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. वरच्या डोंगरावर सायंकाळी काळे ढग साचून विजा चमकत असतील, तर जेवणे आटोपून उजेड असतानाच उंचावरच्या शाळेत किंवा नातेवाइकांकडे झोपायला जावे. ‘पाणी वाढले तर उठू’ हा बेत अंधारात कामी येत नाही. नाल्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा वरून दगड गडगडल्यासारखा आवाज आला, तर सामानाला हात न लावता निघावे. भर पावसात पाणी अचानक कमी झाले तरी तो दिलासा समजू नये, कारण वर झाडे अडकून पाणी तुंबलेले असू शकते आणि तो अडथळा फुटला की लोंढा येतो.

प्रतिसाद (नरखेड तालुका)
३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने आमच्या तालुक्यातील मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसे गेली, म्हणून हा विषय आम्हाला फार जवळचा आहे. रेंज आपल्याकडे आहे, तेव्हा इशारे पाहण्याची जबाबदारी आपणच घ्यावी. हवामान विभागाचा अंदाज आणि ‘सचेत’ अ‍ॅप दुपारीच पाहावे आणि रेंज जाण्यापूर्वी घरी फोन करावा. ‘रेड अलर्ट’ म्हणजे साधारणपणे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसाची शक्यता. मात्र तो जिल्ह्यासाठी असतो, आपल्या नाल्याचे तो काहीच सांगत नाही. त्यासाठी वरच्या गावच्या पोलीस पाटलांशी आधीच बोलून ठेवावे आणि निरोप आल्यास मंदिराच्या भोंग्यावरून गाव जागे करण्याचे ठरवून घ्यावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

प्रतिसाद (भामरागड तालुका)
आमच्याकडे पर्लकोटा नदीवरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन संपर्क तुटतो, त्या अनुभवावरून कळकळीने सांगतो की रात्री रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) ओलांडू नये. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान गाडी उचलली जाते, आणि खालचा रस्ता खचला आहे की नाही हे टॉर्चच्या उजेडात कळत नाही. विजेचे मेन स्विच पाणी येण्याआधीच बंद करावे; ओल्या पायांनी त्याला हात लावू नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबा बैलजोडी सोडून शाळेत जायला तयार होत नाहीत, ही खरी अडचण आहे.

प्रतिसाद (चिखलदरा तालुका)
मग आधी बैल हलवावेत. पावसाळ्यापुरता शाळेजवळ खुंटा ठोकून वर ताडपत्रीचा आडोसा करावा आणि ढग दिसले की सायंकाळी बैल तिथेच बांधावेत. बाबा आपोआप त्यांच्यापाशी जातील. ते जमलेच नाही, तर गोठ्यातली दावी एका झटक्यात सुटतील अशी सरकगाठीने बांधावीत आणि गुरे मोकळी सोडल्यावर त्यांच्यामागे पाण्यात उतरू नये.