बाळाचं पीडीए बंद होत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भाची अमळनेरची, तिचं बाळ २९ व्या आठवड्यातच झालं, आता जळगावला काचेच्या पेटीत आहे. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर पीडीए निघाला, म्हणजे पोटात असताना महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी जोडणारी नळी असते ना, ती जन्मानंतर काही दिवसांत आपोआप बंद व्हायला पाहिजे, ती उघडीच राहिली, त्यामुळे फुफ्फुसात जास्त रक्त जातं आणि पोराला धाप लागते. ती नळी बंद व्हावी म्हणून पॅरासिटामॉल सलाईनमधून चालू आहे, हो तेच तापाचं, पेटंट नाही म्हणून स्वस्त!

पण औषधाने नाही झालं तर पायाच्या शिरेतून नळी बंद करणारं डिव्हाइस बसवावं लागेल म्हणतात डॉक्टर. इतक्या बारीक बाळांसाठीचं पिकोलो डिव्हाइस अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, वजन ७०० ग्रॅमच्या वर पाहिजे. नव्या वस्तूचं पेटंट २० वर्षं चालतं, तोवर ती महागच, मग गरिबाने काय करायचं सांगा बरं.

नाशिक, मुंबईकडे कोणी असं केलंय का? खर्च किती आला, आरबीएसके (सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) मधून मदत मिळाली का, कागदं कोणती लागली? बाळाला गाडीतून नेताना ऑक्सिजनचं कसं केलं तेही सांगा.