तिकिटावरचा दीड तास

मुंबई-नागपूर हवाई अंतर जेमतेम 685 किमी, विमानाचा वेग ताशी 800, मग तिकिटावर दीड तास कसा, असा प्रश्न पडतो. गणित बरोबर आहे, पण ती वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, नागपूरला जागेवर उभं राहिलं की बंद.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात. गर्दीच्या वेळी खिडकीतून पुढची चार-पाच विमानं मोजत बसायचं. शिवाय वर चढताना आणि उतरताना पूर्ण वेग नसतोच, आणि एवढ्याशा प्रवासात निम्मा वेळ चढ-उतारातच जातो. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात, म्हणून जाताना थोडं लवकर, येताना उशीर.

आणि खरं सांगू? हिशेब घर ते घर करा. चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतो, त्याआधी पश्चिम द्रुतगती महामार्गाची कृपा हवी. नागपुरात मात्र सोनेगावच्या विमानतळाहून शहराच्या मध्यातली सीताबर्डी जवळच. ठाणे-कल्याणकडचे असाल आणि सकाळी पोचलं तरी चालणार असेल, तर रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस काही वाईट नाही.